वुड बफेलो अरण्याचे पाणी कोणाचे?

एडमंटन शहराहून उत्तरेस निघालेला मोटाररस्ता सुमारे तेराशे किलोमीटरचा प्रवास करून फोर्ट स्मिथ नावाच्या एका लहानशा गावी पोहोचतो. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांताची सीमा साठाव्या अक्षांशावर जेथे संपते, नेमके तेथेच हे गाव वसलेले आहे. रस्त्याचा अखेरचा मोठा टप्पा वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानातून जातो. क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे केरळ राज्याहून मोठे. गोव्यासारखी बारा राज्ये त्यात सहज मावतील. इतक्या दूर येणारे प्रवासी अर्थातच थोडे. याच देशातील बॅन्फ उद्यानास वर्षाकाठी चाळीस लाखांवर लोक भेट देतात. वुड बफेलोच्या वाट्याला येतात ते काही हजार. आलेल्या माणसाला रस्त्याच्या कडेला धूळ अंगावर घेत लोळणारे अवाढव्य बायसन दिसतात, पाइन सरोवराचे हिरवे-निळे पाणी दिसते, जमिनीतून झिरपणाऱ्या खाऱ्या झऱ्यांमुळे पांढरीशुभ्र झालेली मैदाने दिसतात. जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, आणि डासांमुळे झोपही लागत नाही. ऑगस्ट उलटल्यावर अंधार परततो तो इतका गडद, की २०१३ साली या उद्यानास ‘अंधार राखून ठेवलेले आकाश’ असा अधिकृत दर्जा देण्यात आला. परतणारा प्रवासी एकच समजूत घेऊन जातो. जगात अजून एक अरण्य असे उरले आहे, की ज्याला माणसाचा हात लागलेला नाही.

ही समजूत दोन्ही अंगांनी चुकीची आहे. या अरण्याला माणसाचा हात प्रथमपासून लागलेला होता. आणि आज त्याला जो धोका आहे तो प्रवाशाच्या रस्त्यावरून दिसण्यासारखा नाही. तो आग्नेयेकडील त्रिभुज प्रदेशात आहे, जेथे पीस व अथाबास्का या दोन नद्या अथाबास्का सरोवराशी येऊन मिळतात. तेथील फोर्ट चिपेवायन हे गाव १७८८ साली व्यापारी ठाणे म्हणून वसले. आजही तेथे बारमाही रस्ता नाही. उन्हाळ्यात होडी, हिवाळ्यात गोठलेल्या नदीनाल्यांवरून जाणारी बर्फाची वाट, आणि एरवी विमान. उद्यानाचे भवितव्य ठरणार आहे ते या गावाच्या अवतीभवती, आणि त्याचे निर्णय होतात ते तेथून फार दूर असलेल्या राजधान्यांत.

प्रथम नावाविषयी. बफेलो म्हणजे म्हैस नव्हे. उत्तर अमेरिकेतील या प्राण्यास इंग्रज वसाहतवाल्यांनी बफेलो म्हटले आणि शास्त्रज्ञ त्यास बायसन म्हणतात. आपल्याकडे गोंधळ उलट्या दिशेने झाला. कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे अभयारण्य वर्षानुवर्षे ‘बायसन अभयारण्य’ म्हणून ओळखले गेले, परंतु तेथील प्राणी हा गवा आहे, बायसन नव्हे. शिकाऱ्यांच्या बोलण्यातून आलेली नावे शास्त्राला हटवता येत नाहीत. असो. कॅनडातील अरण्यवासी बायसनांची संख्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही शेकड्यांवर आली होती. उरलेल्या मुक्त कळपांना संरक्षण मिळावे यासाठी १९२२ साली हे उद्यान निर्माण झाले. हेतू निःसंशय चांगला होता.

परंतु तीनच वर्षांत त्याच सरकारने जी चूक केली तिचे फळ उद्यान शंभर वर्षांनंतरही भोगीत आहे. पूर्व-मध्य अल्बर्टातील वेनराइट येथे कुंपणात राखलेले मैदानी बायसन संख्येने फार झाले होते. त्यांना मारावे तर लोक ओरडतील, ठेवावे तर चारा पुरत नाही. यास्तव १९२५ ते १९२८ या काळात साडेसहा हजारांहून अधिक प्राणी रेल्वेने व तराफ्यांनी उत्तरेस आणून वुड बफेलोत सोडण्यात आले. प्राणिशास्त्रज्ञांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता: दोन उपजातींचा संकर होईल व पाळीव गुरांपासून आलेले रोग पसरतील. तसेच झाले. क्षयरोग व ब्रुसेलोसिस या दोन्ही व्याधी कळपांत शिरल्या आणि आजही आहेत. १९९० साली केंद्र सरकारने नेमलेल्या परीक्षण मंडळाने यावर उपाय सुचवला तो असा, की उद्यानातील सारे बायसन मारून टाकावेत आणि निरोगी प्राण्यांचे नवे कळप आणावेत. ज्या प्राण्यासाठी उद्यान काढले त्याचाच संपूर्ण संहार करण्याची ही शिफारस आदिवासी जमातींच्या व निसर्गप्रेमींच्या तीव्र विरोधामुळे अमलात आली नाही. दैव बलवत्तर म्हणून १९५७ मध्ये उद्यानाच्या एका दुर्गम कोपऱ्यात तुलनेने शुद्ध रक्ताचा एक कळप सापडला होता. त्यातील निवडक प्राणी १९६० च्या दशकात अन्यत्र हलवून त्यांपासून निरोगी वंश वाढवण्यात आला. उद्यानात आज सुमारे तीन हजार बायसन आहेत, आणि लांडग्यांशी त्यांचा प्राचीन झगडा अद्याप चालू आहे.

सरकारी दयेचा दुसरा फटका माणसांना बसला. आणलेले बायसन पीस नदी ओलांडून दक्षिणेस गेले, म्हणून १९२६ मध्ये त्रिभुज प्रदेशही उद्यानास जोडण्यात आला. त्या प्रदेशात क्री व डेने जमातींचे लोक पिढ्यानपिढ्या शिकार करीत, मासे धरीत, सापळे लावीत. १८९९ च्या आठव्या कराराने राणीच्या सरकारने त्यांचे हे हक्क मान्य केले होते. करार होऊन पुरती तीस वर्षेही झाली नव्हती, तोच परवान्यांची पद्धत आली. काहींना परवाने मिळाले, काहींना नाकारले गेले. डेने लोकांपैकी अनेक कुटुंबांना आपल्या वस्त्या सोडून जावे लागले, आणि बायको एका बाजूस व माहेर दुसऱ्या बाजूस अशी ताटातूट झाली. अथाबास्का चिपेवायन जमातीने या उच्छेदाचा सविस्तर इतिहास २०२१ साली प्रसिद्ध केला. विशेष हे, की ज्या अरण्यातून शिकाऱ्यांना हाकलले त्याच अरण्यात लाकूडतोडीचे व्यापारी ठेके १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालू होते. कोयना व चांदोलीच्या खोऱ्यांतून उठवलेल्या गावांची गाऱ्हाणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना या कथेत नवे असे फारसे आढळणार नाही.

एवढे सारे होऊनही उद्यानाने एक काम असे केले, की त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. हूपिंग क्रौंच हा उत्तर अमेरिकेतील सर्वांत उंच पक्षी. उंची सुमारे दीड मीटर, अंग पांढरे, पंखांची टोके काळी. १९४१ साली साऱ्या जगात या जातीचे वीस-बावीस पक्षी उरले होते. ते हिवाळा टेक्सासच्या किनाऱ्यावर काढतात हे ठाऊक होते. अंडी कोठे घालतात हे कोणासच ठाऊक नव्हते. १९५४ च्या उन्हाळ्यात वणव्याच्या कामावरून परतणाऱ्या एका हेलिकॉप्टरमधील माणसांना वुड बफेलोच्या दलदलीत हे पांढरे पक्षी पिलांसह दिसले. शोधमोहिमा अन्यत्र फिरत होत्या आणि उत्तर आगीच्या धुरातून मिळाले. सुमारे चार हजार किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या या थव्याची संख्या आज पाचशेच्या वर गेली आहे. त्यांच्या घरट्यांच्या प्रदेशात प्रवाशास प्रवेश नाही, आणि तो नसावा हेच योग्य. एखादी जात मृत्यूच्या दारातून परत आल्याची उदाहरणे विसाव्या शतकात फार नाहीत. ते झाले याचे एक कारण असे, की ती दलदल कोणाच्याच कामाची नव्हती आणि ती उद्यानाच्या आत होती.

त्रिभुज प्रदेशाचे दुर्दैव हे, की त्याचे पाणी मात्र कामाचे आहे.

हा गोड्या पाण्याचा अंतर्भागातील जगातील मोठ्या त्रिभुज प्रदेशांपैकी एक. उत्तर अमेरिकेतील स्थलांतरी पक्ष्यांचे चारही प्रमुख मार्ग तेथे एकत्र येतात. १९८२ साली रामसर कराराखाली आणि १९८३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशांच्या यादीत त्याचा समावेश झाला, तो प्रामुख्याने या गुणांमुळे. येथील पाण्याची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील वाद समजणार नाही. या प्रदेशात शेकडो उथळ तळी आहेत आणि त्यांतील अनेकांना नदीशी जोडणारा प्रवाहच नाही. ती नदीपात्राहून उंच, जणू ताटल्यांप्रमाणे ठेवलेली आहेत. ती भरतात केव्हा? वसंतात पीस नदीवरील बर्फ फुटते, त्याच्या लाद्या वाहत येऊन अडकतात, एकावर एक चढतात, त्यांचा बांध तयार होतो आणि पाणी काही मीटर उसळून काठाबाहेर पसरते. हा पूर दरवर्षी येत नाही, यावाही लागत नाही. काही वर्षांतून एकदा आला की ताटल्या भरतात आणि पुढील वर्षे निभतात. उन्हाळ्यात पीस नदी फुगली म्हणजे आणखी एक चमत्कार घडतो. सरोवरातून तिच्याकडे वाहणारे प्रवाह उलटे फिरतात आणि पाणी सरोवरात परत जाते. पुराच्या पाण्यावर गवत उगवते, गवतावर बायसन, तळ्यात मस्करॅट नावाचा जलचर, मस्करॅटच्या कातड्यांवर फोर्ट चिपेवायनची चूल. अशी ती साखळी होती.

१९६८ साली ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, या त्रिभुजापासून हजार किलोमीटरहून अधिक वर, पीस नदीवर बेनेट धरणात पाणी साठवण्यास सुरुवात झाली. धरणास ज्यांचे नाव दिले ते तेव्हा त्या प्रांताचे मुख्यमंत्री होते, आणि स्वस्त वीज हे त्यांचे राजकारण होते. पहिली तीन-चार वर्षे प्रचंड जलाशय भरण्यातच गेली आणि त्या काळात त्रिभुजातील पाण्याची पातळी इतकी उतरली, की तळ्यांच्या जागी चिखल उघडा पडला आणि चिखलावर झुडुपे उगवली. यातील घातक गोष्ट एकूण पाणी घटणे ही नव्हेच. ती आहे ऋतुमान बदलणे. विजेची मागणी हिवाळ्यात अधिक, म्हणून उन्हाळ्याचे पाणी धरून हिवाळ्यात सोडले जाते. परिणामी नदी वरच्या पातळीवर गोठते आणि वसंताचा लोट मात्र बोथट होतो. बर्फाचा बांध फोडून पाणी वर चढवील असे बळ त्यात उरत नाही. १९७४ मध्ये मोठा पूर आला, त्यानंतर तसा पूर यायला १९९६ व १९९७ ही वर्षे उजाडली. मधल्या दोन दशकांत एक पिढी मस्करॅटचा धंदा विसरली.

धरणाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. तळ्यांच्या तळाशी साठलेल्या गाळाचे थर तपासणाऱ्या काही शास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की त्रिभुजाच्या कोरडेपणात हवामानाचा वाटा मोठा आहे आणि तो धरणापूर्वीच सुरू झाला होता. गेल्या काही शतकांत असे कोरडे कालखंड पूर्वीही येऊन गेले. हा वाद शास्त्रीय नियतकालिकांत दीर्घकाळ चालू आहे. परंतु त्यातून धरणवाल्यांना जे निष्पन्न करावयाचे असते ते निष्पन्न होत नाही. हवामान पाणी हिरावून घेत असेल, तर उरलेले पाणी योग्य ऋतूत सोडण्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यास प्रवाहांवर दगडी बंधारे बांधून पाहण्यात आले. त्यांनी मोठ्या सरोवरांची पातळी सावरली, पण उंचावरील ताटल्या भरल्या नाहीत, कारण त्यांना पातळी नव्हे, पूर हवा होता. यावर धडा घेतला गेला म्हणावे, तर त्याच नदीवर त्याच प्रांताने ‘साइट सी’ या नावाचे आणखी एक धरण २०१५ मध्ये बांधावयास घेतले आणि २०२४ च्या शरदात त्याचा जलाशय भरून पुरा केला.

दुसऱ्या नदीची कथा निराळी आहे. अथाबास्का नदीच्या काठी फोर्ट मॅकमरेच्या परिसरात डांबरी वाळूच्या खाणी आहेत. गरम पाण्याने ती वाळू धुतली की तेल सुटते. मागे उरते विषारी द्रव्यांनी भरलेले गढूळ पाणी. ते मातीच्या बांधांमागे साठवले जाते. हा साठा आज एक लाख कोटी लिटरहून अधिक झाला आहे. हे तलाव उद्यानाच्या हद्दीबाहेर आहेत, कायदेशीर परवान्याने बांधलेले आहेत, आणि नदी त्यांच्या बाजूने वाहत जाऊन उद्यानात शिरते. २०२२ च्या मे महिन्यात कर्ल येथील खाणीच्या तलावातून पाणी झिरपत असल्याचे आढळले. खालच्या गावांना त्याचे खरे स्वरूप कळले ते २०२३ च्या फेब्रुवारीत, जेव्हा त्याच खाणीत ५३ लाख लिटर दूषित पाणी सांडले. मधले नऊ महिने फोर्ट चिपेवायनचे लोक नेहमीप्रमाणे शिकार करीत होते, मासे खात होते. धोका किती होता हा प्रश्न निराळा. लोकांना सांगण्याची गरज कोणास वाटली नाही, हा मुद्दा अधिक गंभीर आहे. या गावात कर्करोगाविषयीची धास्ती जुनी आहे. प्रांतीय कर्करोग मंडळाच्या २००९ च्या पाहणीत काही प्रकारांचे रुग्ण अपेक्षेहून अधिक आढळले होते. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २०२४ मध्ये, केंद्र सरकारने दहा वर्षांच्या आरोग्य-अभ्यासासाठी १ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले.

आता प्रश्न असा, की राष्ट्रीय उद्यानाचा मालक असलेले ओटावाचे सरकार हे सारे पाहत कसे राहिले? उत्तर कॅनडाच्या संघराज्यात आहे. धरणे व जमिनीखालील संपत्ती प्रांतांच्या ताब्यात. अल्बर्टास हा अधिकार १९३० मध्ये मिळाला. उद्यान केंद्राचे. ब्रिटिश कोलंबियाला वीज मिळते, अल्बर्टाला तेलाचे स्वामित्वशुल्क मिळते, आणि नुकसान होते ते अशा भूमीचे की जिच्यावर मतदार जवळजवळ नाहीत. कृष्णा व कावेरीच्या लवादांची भांडणे वाचून तयार झालेल्या मराठी वाचकास हे चित्र परिचित वाटेल. फरक एवढाच, की आपल्याकडे खालचे राज्य निदान भांडायला उभे असते. त्रिभुजाच्या वतीने भांडणारे कोणतेही राज्य नाही. पीस नदीच्या खोऱ्यातील प्रांतांनी व केंद्राने १९९७ मध्ये मॅकेंझी खोऱ्याचा एक सामाईक करार केला खरा. त्यात एकमेकांस हानी न पोहोचवण्याची भाषा आहे, परंतु त्या भाषेने धरणाचा एक दरवाजाही योग्य वेळी उघडलेला नाही.

म्हणून भांडले ते मिकिस्यू क्री. या जमातीचे सामर्थ्य न्यायालयात प्रथम दिसले. उद्यानातून हिवाळी रस्ता काढताना आपणास विचारले नाही, अशी त्यांची तक्रार होती, आणि २००५ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली: करारातील हक्कांवर परिणाम होणार असेल, तर सरकारने आधी सल्लामसलत केलीच पाहिजे. हा निकाल आज साऱ्या देशात आधारभूत मानला जातो. त्यानंतर २०१४ च्या डिसेंबरात त्यांनी युनेस्कोकडे अर्ज केला, की हे उद्यान ‘धोक्यातील वारसा’ म्हणून जाहीर करावे. २०१६ मध्ये तज्ज्ञांचे पथक आले, त्याने सतरा शिफारशी केल्या. कॅनडाने स्वतः केलेल्या २०१८ च्या परीक्षणातही उद्यानाची बहुतेक मूल्ये उतरणीस लागल्याचेच निष्पन्न झाले. २०१९ मध्ये शंभराहून अधिक कलमांचा कृतिआराखडा तयार झाला आणि पैसाही मंजूर झाला. २०२२ मध्ये दुसरे पथक आले. २०२३ मध्ये रियाध येथे वारसा समिती भरली तेव्हाही कॅनडा ‘धोक्याच्या’ यादीतून बाहेरच राहिला.

श्रीमंत राष्ट्रांना ही यादी म्हणजे नामुष्की वाटते. वास्तविक अमेरिकेने आपले एव्हरग्लेड्स उद्यान १९९३ मध्ये स्वतःहून तीत घालून घेतले होते, आणि आसामचे मानस १९९२ पासून २०११ पर्यंत तीत राहून सावरल्यावर सन्मानाने बाहेर पडले. रोग्याने दवाखान्यात नाव घालण्यास लाजण्याचे कारण नाही. ओटावाची अडचण वेगळी आहे. यादीत नाव गेले की कारण लिहावे लागते, आणि कारणांच्या रकान्यात दोन प्रांतांचे मुख्य उद्योग येतात.

या प्रश्नाकडे भारतातून पाहण्यास एक खास निमित्त आहे, ते भरतपूरचे. केवलादेव राष्ट्रीय उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. वुड बफेलोत त्याची दीड हजार उद्याने बसतील. परंतु दोहोंची कुंडली जुळते. दोन्ही जागतिक वारसे, दोन्ही रामसर स्थळे, दोन्ही क्रौंचांसाठी प्रसिद्ध. भरतपुरातही राखणदारीची सुरुवात माणसांना हटवण्यापासून झाली: १९८२ मध्ये चराईवर बंदी आली, गावकऱ्यांचा उद्रेक झाला, पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला तेव्हा आढळले, की म्हशी गेल्यामुळे गवत बेसुमार माजले आणि पाणपक्ष्यांची जागाच आक्रसली. ज्यांना शत्रू समजून हाकलले त्या म्हशी तळ्याच्या चाकर होत्या. नंतर वरच्या अंगाला पांचना धरण झाले, गंभीर नदीचे पाणी वर अडले, आणि ते कोणास द्यावे यावर शेतकरी व उद्यान यांच्यात झगडा पेटला. नळाने व कालव्याने लांबून पाणी आणण्याची व्यवस्था करावी लागली. सायबेरियन क्रौंचांची अखेरची जोडी भरतपुरात दिसली ती २००१-०२ च्या हिवाळ्यात. त्यांच्या नाहीशा होण्यात अफगाणिस्तान-पाकिस्तानातील शिकारीचा हातही मोठा होता, हे खरे. तरीही भरतपूर हे दाखवून देते, की कुंपण कितीही चोख असले तरी ते पाण्याचे रक्षण करू शकत नाही. वुड बफेलोला तर कुंपणही नाही, आणि त्याची भिस्त मात्र संपूर्णपणे नकाशावरील रेषेवर आहे.

रेषेचा फोलपणा २०२३ च्या उन्हाळ्याने आगीच्या भाषेत सांगितला. कॅनडाच्या इतिहासातील सर्वांत भीषण वणव्यांचे ते वर्ष. मे महिन्याच्या अखेरीस फोर्ट चिपेवायन रिकामे करण्यात आले. रस्ता नसल्याने लोकांना विमानांनी व होड्यांनी बाहेर काढावे लागले. ऑगस्टमध्ये फोर्ट स्मिथवर तीच पाळी आली, आणि तेथील सुमारे अडीच हजार रहिवासी महिन्याहून अधिक काळ घराबाहेर राहिले. आग हा या अरण्याचा जुना सोबती आहे हे मान्य. पाइनची काही शंकूफळे तर आगीच्या धगीनेच उघडतात. परंतु ओली दलदल ही आगीला अडवणारी ढाल असते, आणि ती सुकली की त्याच दलदलीतील कुजलेले गवत सरपण होते. धरणाचा प्रश्न व वणव्याचा प्रश्न ओटावातील निरनिराळ्या खात्यांत असतील. त्रिभुजात ते एकाच जागी भेटतात.

पुढील काळात लक्ष ठेवण्यासारखी गोष्ट एकच सांगायची, तर ती गढूळ तलावांची. आजच्या कायद्यानुसार ते पाणी नदीत सोडण्यास मनाई आहे, म्हणूनच ते साठत गेले. साठवणे आता कठीण होत चालले आहे. यास्तव पाणी शुद्ध करून अथाबास्कात सोडू द्यावे काय, आणि शुद्ध म्हणजे किती शुद्ध, याचे नियम करण्याचा विचार केंद्र सरकारने आरंभला आहे. न सोडावे तर बांध किती वर्षे टिकतील, याची हमी कोणी देऊ शकत नाही. सोडावे तर फोर्ट चिपेवायनला प्यावयाचे पाणी त्याच प्रवाहाच्या मुखाशी असलेल्या सरोवरातून येते. मिकिस्यू क्री व अथाबास्का चिपेवायन जमातींचे तरुण गेली अनेक वर्षे स्वतः होड्या घेऊन त्रिभुजात फिरतात, पाण्याची खोली व गुण मोजतात, कोणता नाला होडीला बंद झाला याची नोंद ठेवतात. नियम ठरवणाऱ्या समितीच्या टेबलावर कंपन्यांचे आकडे असतील आणि प्रांताचेही असतील. या नोंदवह्या तेथे पोहोचतात की नाही, यावर त्या नियमांचे मोल ठरेल.